खांदेमळणी एका दिवसाची नव्हे

आज बैलपोळा. काल सायंकाळी खांदेमळणी झाली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळताना कोठे घट्टा पडला, कोठे कातडे सोलवटले, हे धन्याच्या हाताला आपोआप कळले. मुके जनावर गाऱ्हाणे घालीत नाही; म्हणून धन्याने स्वतः हात लावून पाहावे, हेच या आचाराचे मर्म होय.

जनावर जेथे केवळ माल ठरते, तेथे हा हात कोणाचा? ऑगस्ट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरातून ‘अवासी एक्स्प्रेस’ हे जहाज सुमारे ६४ हजार मेंढ्या घेऊन आखाती देशांकडे निघाले. तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, कोंदट मजल्यांवर, सुमारे २,४०० मेंढ्या तडफडून मेल्या. नियम होते, परवाना होता, सरकारी खातेही होते. तरीही ते भीषण दृश्य जगापुढे आले, ते जहाजावरच्याच एका तरुण अधिकाऱ्याने टिपलेल्या चित्रफितींमुळे. एप्रिल २०१८ मध्ये त्या दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेल्या.

पुढे चौकशी करणाऱ्या फिलिप मॉस यांनी वर्मावर बोट ठेवले. व्यापाराला उत्तेजन देणारे आणि त्याच्यावर नजर ठेवणारे खाते एकच होते! त्यांच्या शिफारशीवरून २०१९ मध्ये स्वतंत्र महानिरीक्षकाचे पद कायद्याने निर्माण झाले. २०२४ च्या कायद्यानुसार मेंढ्यांची समुद्रमार्गे जिवंत निर्यात १ मे २०२८ पासून बंद व्हावयाची आहे. तेथील मेंढपाळांच्या पोटाचा प्रश्न खोटा नाही. परंतु गुरांची निर्यात चालूच राहणार असल्याने देखरेखीचे काम संपलेले नाही.

आपणही या प्रश्नापासून दूर नाही. आपल्या देशातूनही शेळ्या-मेंढ्या आखातात जातात. २०१८ मध्ये नागपूरहून विमानाने त्या शारजाला धाडण्याचा बेत लोकविरोधामुळे थांबला. २०२३ मध्ये जिवंत पशूंच्या आयात-निर्यातीच्या विधेयकाचा मसुदा केंद्राने मागे घेतला. दोन्ही वेळा संताप प्रकट झाला. पण संताप चार दिवसांचा असतो; जहाज मात्र दर हंगामात निघते. बंदरावर, जहाजावर आणि उतरल्या ठिकाणी पाहणारा कोण, त्याचे वेतन कोण देतो आणि त्याचा अहवाल जनतेला वाचावयास मिळतो काय, हे प्रश्न सातत्याने विचारणारे नागरिक हवेत.

आज बैलाला पुरणपोळीचा घास भरविताना एवढे स्मरावे की, पूजा वर्षातून एकदा होते. खांदा मात्र रोज पाहावा लागतो.