ओठ शिवला, पण पुढे काय?

मैत्रिणींनो, ७ सप्टेंबर २०२५ ला चंद्रग्रहण झालं, तेव्हा कितीतरी घरांत गरोदर सुनेला विळीला हात लावू दिला नसेल. 'ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ फाटतो' हे आपण आजीपासून ऐकत आलोय. प्रत्यक्षात ओठ आणि तोंडातली टाळू गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत जुळतात. ते जुळणं अपुरं राहिलं की फट राहते. तिथे ना विळीचा दोष, ना आईचा.

फट हिरडीतून आरपार गेली असेल, तर बाळाचा वरचा जबडा जन्मतःच सलग नसतो. पहिल्या वर्षात तो झपाट्याने वाढतो. साधारण तीन ते सहा महिन्यांत ओठ शिवतात. त्या ओठाच्या दाबाने जबड्याचे भाग हळूहळू जवळ येतात. पुढे वर्षाच्या आसपास टाळू शिवतात.

इथेच खरी ओढाताण आहे. टाळू वेळेत शिवली नाही, तर बोलणं नाकातून येतं. शिवली, तर तिथला व्रण आखडून जबड्याची वाढ खुंटू शकते. मग मोठेपणी चेहऱ्याचा मधला भाग बसका दिसतो, वरचे दात खालच्यांच्या मागे जातात. नुसती टाळू दुभंगलेल्या ५५८ बाळांचा युरोप आणि दक्षिण अमेरिकेत अभ्यास झाला. २०२३ साली त्याचा निष्कर्ष आला, की बाराव्याऐवजी सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पाचव्या वर्षी बोलताना कमी अडचण होती. पण कुठल्या बाळाला कधी, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आपल्याकडे मात्र ओठ शिवून आणला, की 'झालं, आता छान दिसते पोर' म्हणून सगळे मोकळे! टाळू राहून जाते. बोलण्याचे धडे, दातांची तपासणी, आठ-दहा वर्षांच्या सुमारास हिरडीत हाड भरणं, हे तर कुणी सांगतच नाही. मुलगी असली तर 'आणखी किती खर्च करायचा' हेही ऐकू येतं.

खर्चाची सोय आहे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू येतात, उपचार मोफत होतात. अंगणवाडीत तपासणी पथक येतं, तेव्हा बाळाला घेऊन जा. आशाताईंना विचारा. आणि शेजारच्या घरी असं बाळ असेल, तर कुजबुजण्यापेक्षा त्याच्या आईला पुढची तारीख आठवण करून द्या. बाळाचा जबडा काही आपल्यासाठी वाढायचा थांबत नाही.