आधी सेवा, मग सत्कार

२ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन आणि ३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. या दोन तारखांच्या आसपास शासनाला स्वमग्न मुलांची हमखास आठवण होते. एप्रिलमध्ये इमारतींवर निळी रोषणाई होते. डिसेंबरमध्ये दिल्लीत राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शाल, श्रीफळ, सन्मानचिन्हे वाटली जातात. सत्कार बहुधा योग्य माणसांचाच होतो. पदरमोड करून विशेष शाळा चालवणाऱ्या संस्था, पगार थकला तरी वर्ग न सोडणारे शिक्षक, मुलासाठी नोकरीवर पाणी सोडलेल्या आया, या सगळ्यांविषयी मला आदर आहे. माझा वाद पुरस्कार घेणाऱ्यांशी नाही, तो पुरस्कार देणाऱ्यांशी आहे. ज्या सेवा पुरवणे कायद्याने शासनावर बंधनकारक आहे त्या अपुऱ्या ठेवायच्या आणि ती उणीव स्वतःच्या खांद्यावर घेणाऱ्यांचा गौरव करून मोकळे व्हायचे, हा क्रमच उलटा आहे. आधी सेवा उभी राहिली पाहिजे, आणि पुरस्कार द्यायचा तर तो त्या सेवेच्या मोजमापावर दिला पाहिजे. दक्षिण रायगडातील माणगाव आणि आसपासचे तालुके समोर ठेवून हे म्हणणे मांडतो.

पुरस्कारांच्या बाजूने जे बोलले जाते ते आधी नीट ऐकून घ्यायला हवे. पहिला मुद्दा असा, की या क्षेत्रात राबणाऱ्यांना एरवी कोणी विचारत नाही. सरकारी मानपत्र मिळाले की संस्थेची पत वाढते आणि देणगीदार दारात उभे करतात. दुसरा मुद्दा पालकांचा. ज्या घरात मूल पाहुण्यांपासून लपवले जाते, त्या घराला एखाद्या स्वमग्न तरुणाचा जाहीर सत्कार झाल्याची बातमी धीर देते. तिसरा मुद्दा खर्चाचा: पुरस्काराला पैसा थोडा लागतो आणि संदेश लांबवर पोचतो. हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण त्यांतून पुरस्कार का असावा एवढेच सिद्ध होते. सेवा नसली तरी चालेल, असे त्यातला एकही मुद्दा सांगत नाही. शिवाय बातमी वाचून ज्या पालकाला धीर आला, तो दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन कुठे जाणार, या प्रश्नाला पुरस्कार सोहळ्यात उत्तर नसते.

ते उत्तर कायद्यात आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातच स्वमग्नतेचा उल्लेख होता. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्वमग्नता आली. या अधिनियमाचे कलम २५ शासनाला आणि स्थानिक संस्थांना सांगते की दिव्यांगांना घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नमर्यादेच्या अधीन राहून मोफत आरोग्यसेवा द्या आणि सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी होईल अशी सोय करा. कलम ३१ नुसार ६ ते १८ वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कोणी कलम २७ दाखवील, कारण तिथे पुनर्वसनाचे काम शासनाच्या आर्थिक कुवतीनुसार करायचे आहे. आक्षेप खरा आहे, पण आरोग्य आणि शिक्षणाच्या कलमांना कुवतीची ही अट लावलेली नाही, आणि तीन वर्षांच्या मुलाची स्पीच थेरपी हा आरोग्याचाच विषय आहे. जे हक्काने मिळायचे ते एखाद्या संस्थेच्या कनवाळूपणावर सोडायचे आणि मग त्या कनवाळूपणाला मानपत्र द्यायचे, याला धोरण म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्ष रचना पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. ज्या व्याधी त्यांनी शोधायच्या त्यांत स्वमग्नताही आहे. समजा, पथकासमोर अडीच वर्षांचे मूल आले. नावाने हाक मारली तरी ते वळत नाही. खाऊ हवा असेल तर बोट दाखवत नाही, आईचे मनगट धरून तिचा हात डब्यावर नेऊन ठेवते. पथकाला शंका येते, चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी जाते जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, कारण या कार्यक्रमाच्या रचनेत शोध तालुक्यात आणि पुढचा उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. माणगावहून कोलाड, नागोठणे, वडखळ करत जायचे म्हणजे एका बाजूने पाऊणशे किलोमीटरच्या पुढे. पोलादपूरहून त्यात आणखी चाळीस-पंचेचाळीसची भर. मोठा आवाज सहन न होणाऱ्या, हॉर्न वाजला की दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळणाऱ्या मुलाला मुंबई-गोवा महामार्गावरून भरलेल्या एसटीत नेणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी हा प्रवास दोनदा-तीनदा करता येतो. थेरपी मात्र आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. दर खेपेला रोजंदारी बुडवणारे कुटुंब किती आठवडे टिकेल? दाखला हातात पडतो आणि थेरपी सुटते, ती याच अंतरामुळे.

म्हणूनच राष्ट्रीय पुरस्कारांतला एक प्रकार मला खटकतो. दिव्यांगांना वैश्विक ओळखपत्र देण्याचे, म्हणजे यूडीआयडीचे काम चांगले करणाऱ्या राज्यांना आणि जिल्ह्यांना त्यात गौरवले जाते. ओळखपत्र हवेच, त्यावाचून कोणत्याही योजनेचे दार उघडत नाही. पण ज्याचा गौरव होतो त्याचीच मोजणी होते आणि ज्याची मोजणी होते तेच काम पुढे सरकते, हा सरकारी कार्यालयांचा नियम सर्वांना ठाऊक आहे. कार्डे मोजली की कार्डांचे मेळावे होतात. स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबी तपासून गुण देतात आणि त्यावरून टक्केवारी ठरते. त्या टक्केवारीचा कागद घेऊन घरी गेलेले मूल वर्षभरात किती नवे शब्द बोलले, स्वतःच्या हाताने जेवू लागले का, हे कोणत्याही पुरस्काराच्या निकषात नाही.

यावर पहिला आक्षेप संख्येचा: एका तालुक्यात अशी मुले असतील किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. २०११ च्या जनगणनेत माणगाव तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाच्या वर होती. या प्रमाणाने एकट्या माणगाव तालुक्यात लहानमोठ्या मिळून अकराशेहून अधिक स्वमग्न व्यक्ती असायला हव्यात. हा जागतिक सरासरीवरून काढलेला अंदाज आहे; प्रत्यक्ष आकडा कमीजास्त असेल. तरी निम्मा धरला तरी तो दुर्लक्षण्याजोगा नाही, आणि त्यात महाड, पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धन आणि तळा मिळवायचे आहेत. ही माणसे दिसत नाहीत याचे कारण ती नाहीत असे नव्हे. २०११ च्या जनगणनेत स्वमग्नतेचा वेगळा रकानाच नव्हता, आणि राज्यातल्या अनुदानित विशेष शाळांची जुनी विभागणी अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद अशी चारांतच होती. जिथे रकाना नाही तिथे संख्याही नसते.

दुसरा आक्षेप असा, की तज्ज्ञ मुंबई-पुणे सोडून माणगावला येणार नाहीत. पूर्णवेळ तज्ज्ञ मिळणे अवघड आहे, हे मान्य. पण शेजारच्या गोव्यातच याचे उत्तर आजमावले गेले आहे. गोव्यातली 'संगत' ही संस्था आणि पाकिस्तानातले रावळपिंडी या दोन ठिकाणी स्वमग्न मुलांच्या पालकांना घरच्या घरी मुलाशी संवाद कसा साधायचा हे शिकवण्याचा प्रयोग झाला. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. २ ते ९ वर्षांची ६५ मुले त्यात होती. २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त निष्कर्ष आले: आईवडील मुलाच्या कलाने संवाद करू लागले आणि मुले आपणहून संवादाला सुरुवात अधिक करू लागली. प्रयोग लहान होता, सगळ्याच बाबतीत सुधारणा झाली असेही नाही. पण तज्ज्ञ नाही म्हणून काहीच नाही, ही सबब त्याने खोटी ठरवली. माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातले ठरलेले दिवस वाचा-उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ बसावेत, आणि मधल्या दिवसांत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांसोबत काम करावे, एवढी रचना आवाक्याबाहेरची नाही. दक्षिण रायगडातल्या या सर्व तालुक्यांना अलिबागपेक्षा माणगाव जवळ आहे, आणि कोकण रेल्वेचे स्थानकही इथे आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. शासन संजय गांधी निराधार अनुदान देते, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते दरमहा २,५०० रुपये केले, मग आणखी काय हवे, असे विचारले जाते. वाढ स्वागतार्ह आहे. पण जी सेवा तालुक्यात विकतही मिळत नाही, ती रोख रकमेतून कशी घ्यायची? पैसा अजिबात नाही, हेही खरे नाही. ग्रामपंचायतींनी आणि नगरपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. तो मार्चअखेरीस सारख्या रकमांत वाटून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यातला काही भाग एकत्र करून थेरपीच्या दिवसांची वाहनव्यवस्था करता येईल. विळे-भागाडसारखी औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे. तिथल्या मोठ्या कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही यंत्रे-साहित्यासाठी मागता येईल. मात्र पगार शासनानेच द्यावेत. देणगीवर चालणारी सेवा देणगी आटली की बंद पडते, आणि स्वमग्न मुलाची बसलेली घडी मोडली तर ती पुन्हा बसवायला महिने जातात.

शाळेची बाजूही हीच गोष्ट सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांच्या पदांबाबत राज्यांना बजावले. त्यानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रशाळांच्या पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात. एकच शिक्षक त्या सगळ्यांना भेटी देत फिरला, तर ज्या मुलाला रोज तेच माणूस आणि तोच क्रम लागतो त्याच्या वाट्याला काय येणार?

मग पुरस्कार बंद करावेत काय? मुळीच नाही. पुरस्काराने गाव हलवण्याचा अनुभव महाराष्ट्राइतका क्वचितच कोणाला असेल. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात अख्खे गाव स्पर्धेत उतरले, कारण बक्षीस गावाला होते आणि निकष डोळ्यांनी तपासता येत होते. निर्मल ग्राम पुरस्कारांनी उलटा धडाही दिला: बक्षीस मिळाल्यावर पुन्हा तपासणी नसली की पुष्कळ गावे पूर्वपदावर येतात. २०१५ पासूनच्या 'कायाकल्प' योजनेत रुग्णालयाला गुण मिळतात आणि बक्षिसाच्या रकमेचा मोठा भाग त्याच रुग्णालयावर खर्च करायचा असतो. हे तिन्ही अनुभव जोडून दिव्यांग कल्याणाचे पुरस्कार नव्याने आखावेत. पुरस्कार तालुक्याला द्यावा. शंका आल्यापासून किती दिवसांत निदान झाले, थेरपी सुरू झालेल्या मुलांपैकी वर्षाअखेर किती टिकली, किती मुले शाळेत नियमित आहेत, आणि पालक स्वतः काय सांगतात, हे त्याचे निकष असावेत. दर वर्षी फेरतपासणी व्हावी. बक्षिसाची रक्कम त्याच तालुक्याच्या सेवेत जावी. पेणच्या सुहित जीवन ट्रस्ट आणि आई डे केअर यांसारख्या संस्थांना मानपत्राबरोबर वेळेवर अनुदान मिळावे.

दिव्यांगांसाठी वेगळा विभाग महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्थापन केला. त्या विभागाने आणि सार्वजनिक आरोग्य विभागाने माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात दक्षिण रायगडासाठी बालविकास उपचार केंद्र मंजूर करावे, त्याची पदे कायमस्वरूपी भरावीत, आणि येत्या ३ डिसेंबरच्या सोहळ्याआधी तशी घोषणा करावी. पालकांनी येत्या ग्रामसभेत ५ टक्के निधीचा हिशेब मागावा आणि केंद्राच्या मागणीचा ठराव लेखी करून घ्यावा.  कामाला तिथूनच लागू या.