ध्वनींची व्याकरणाशीं फारकत

भाषेचा अभ्यास करावयाचा तर आधीं ध्वनि निश्चित करावे, मग शब्द, मग वाक्य. आणि ध्वनि ठरवितांना व्याकरणाचें नांवहि काढूं नये, असा दंडक विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील एका पंडितपरंपरेनें घातला. १९४२ सालीं चार्ल्स हॉकेट यांनीं तो स्पष्टपणें मांडला. ध्वनि व्याकरणावर आणि व्याकरण ध्वनींवर उभारल्यास अन्योन्याश्रय दोष येतो, ही या मंडळींची भीति. भीति खरी, पण तिच्यावरील हा उपाय घातक आहे, असें आमचें मत आहे.

मराठीचाच दाखला घेऊं. 'माणूस' आणि 'अंकुश' यांची घडण कानाला सारखीच: पहिलें अक्षर गुरु, मधें उकार, शेवटीं ऊष्म वर्ण. पण विभक्ति लागतांच एकाचें 'माणसाला' होतें, दुसऱ्याचें मात्र 'अंकुशाला'. पहिल्यांतला उकार लोपला, दुसऱ्यांतला टिकला. असें कां? नुसता कान लावून बसणाऱ्यास याचें उत्तर मिळणार नाहीं. एक शब्द मराठीच्या अंगीं मुरलेला तद्भव, दुसरा संस्कृतांतून जसाच्या तसा आलेला तत्सम, हें जाणणाराच तें देईल. हा प्रश्न ध्वनिविचाराचा नव्हेच, असें म्हणून प्रतिपक्षी तो शेजारच्या दालनांत ढकलतील. प्रश्न मात्र तसाच उरेल.

पाणिनीनें ही चूक केली नाहीं. अष्टाध्यायीचें अखेरचें सूत्र अवघ्या दोन अकारांचें आहे. उच्चारांत अ संवृत, आ विवृत. पण दोघे सवर्ण ठरल्याखेरीज संधीचे नियम चालत नाहींत. म्हणून त्यानें शास्त्रापुरता अ विवृत मानला आणि त्या शेवटच्या सूत्रानें त्यास त्याचा खरा उच्चार परत दिला. कान आणि व्याकरण या दोहोंचाहि मान राहिला. अमेरिकेंतहि केनेथ पाइक यांनीं १९४७ सालीं ध्वनिनिश्चितीस व्याकरणाची पूर्वतयारी लागते असें बजावलें, आणि चॉम्स्की व हॅले यांच्या १९६८ च्या इंग्रजी ध्वनिव्यवस्थेवरील ग्रंथानें तो दंडक उघडपणें झुगारला.

हा वाद पंडितांपुरताच नाहीं. घरांतलें मूल 'पाऊसांत भिजलों' म्हणतें, तेव्हां आपण हंसतों, चूक दुरुस्त करतों. कारण मात्र सांगत नाहीं. तें कारण व्याकरणांत आहे. व्याकरण वगळून भाषा शिकविण्याचा आग्रह असाच चालला, तर उद्यां तें सांगूं शकणारा शिक्षकहि आपणांस मिळणार नाहीं.