लोकलमधला एक तास

डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद लोकलनेही सुमारे तास लागतो आणि लोकलमध्ये शौचालय नसते. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन दाह, जडलेल्यांचे आयुष्य या तासाभोवतीच फिरते. माझे असे रुग्ण उपाशीपोटी निघतात, ठाण्याला उतरता यावे म्हणून दाराशी उभे राहतात, लग्नकार्ये टाळतात. नातेवाईक त्यांना माणूसघाणे ठरवतात. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध समजून कित्येकजण लाजेने गप्प बसतात. जपानचे पंतप्रधान शिंजो आबे यांनी मात्र २०२० मध्ये याच विकाराचे नाव उघडपणे घेऊन पद सोडले. हा विकार संसर्गजन्य नाही. बरे वाटताच परस्पर औषध थांबवल्यास तो बहुधा उलटतो. घरच्यांनी निदान शौचालयाच्या दाराबाहेरून 'झाले का?' असे विचारू नये.