एकविसावा रकाना

२०२४ सालच्या १९ जुलैला शुक्रवार होता. सकाळी कचेऱ्या उघडायच्या सुमारास जगभरचे संगणक निळे पडले आणि दुपारच्या जेवणाच्या आत आपल्या मोबाइलवर विनोदांची झड लागली. कुणी मायक्रोसॉफ्टचे आभार मानले, कुणी शनिवार-रविवारला जोडून आलेल्या सुट्टीचे स्वागत केले. आमच्या निवृत्त बँकवाल्यांच्या गटात मीही एक ढकलून दिला: आषाढी एकादशी बुधवारी झाली, संगणकाने उपास शुक्रवारी धरला. त्याला पन्नासेक हसरे चेहरे मिळाले. एवढी दाद माझ्या कादंबऱ्यांना मिळालेली नाही!

हे विनोद करण्यात गैर काही नाही. ज्या यंत्रापुढे आपले काही चालत नाही, त्याच्यावर निदान हसता तरी येते. पण त्या दिवसाचे विनोद आणि नंतर महिन्याभरात बाहेर आलेली हकिकत शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा मला असे वाटले की आपण हसलो ते चुकीच्या माणसाला. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी झाले काय ते पाहू. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात क्राउडस्ट्राइक नावाची कंपनी आहे. ती मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांना पहारेकरी पुरवते. घरगुती संगणकावर हा पहारेकरी सहसा नसतो, त्यामुळे तुमच्या-माझ्या घरी त्या दिवशी काहीच बिघडले नाही. मात्र जिथे असतो तिथे तो दाराशी बसत नाही, थेट गाभाऱ्यात बसतो. त्यामुळे तो कोलमडला की देऊळच कोसळते. नव्या चोरांची वर्णने कंपनी त्याला वरचेवर धाडत असते. त्या दिवशी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी असेच एक टाचण गेले. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ते मागे घेतले. मधली मिनिटे अठ्ठ्याहत्तर. तेवढ्यात सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले. जगातल्या विंडोज संगणकांच्या मानाने हा आकडा एक टक्क्याच्याही आतला, पण ते संगणक होते विमानतळांवरचे, रुग्णालयांतले, दूरचित्रवाणी केंद्रांतले. एकट्या डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने पुढच्या पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द केली.

मग ऑगस्टमध्ये कंपनीने स्वतःचा तपास-अहवाल जाहीर केला. तो तांत्रिक भाषेत आहे, पण ज्याने आयुष्यात एकदा तरी बँकेचा काउंटर सांभाळला त्याला तो लगेच कळावा. पहारेकऱ्याला धाडायच्या एका टाचणाच्या नमुन्यात २१ रकाने आखलेले होते आणि पहारेकऱ्याच्या हाती प्रत्यक्षात माहिती येत होती २० रकान्यांची. बस्स, एवढेच. फेब्रुवारीत हा नमुना वापरात आला. मार्च-एप्रिलमध्ये त्यावरून गेलेल्या टाचणांत एकविसाव्या रकान्यापुढे 'काहीही चालेल' असे लिहिलेले असल्यामुळे तिकडे कुणी ढुंकून पाहिले नाही आणि सगळे सुरळीत चालले. १९ जुलैच्या टाचणाने पहिल्यांदाच सांगितले, एकविसावा रकाना वाच. पहारेकऱ्याने विसाव्यापुढे हात घातला, तिथे त्याच्या हक्काचे काही नव्हतेच, आणि तो कोसळला. टाचण पाठवण्याआधी तपासणारा एक वेगळा प्रोग्रॅम होता. एकविसावा रकाना येईलच असे तोही गृहीत धरून बसला होता.

बँकेत याला आम्ही काय म्हणत असू ते इथे छापण्याजोगे नाही. पण पद्धत सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा खतावण्या हाताने लिहिल्या जात. प्रत्येक व्हाउचरवर लिहिणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही, अशा दोन सह्या असायच्या. संध्याकाळी जमा-नावे जुळले नाही तर शाखा बंद होत नसे. फरकाला नऊने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पाहा, फरक निम्मा करून ती रक्कम शोधा, असे ठोकताळे ठरलेले होते. रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत सहा माणसे चार रुपये पंचवीस पैशांचा शोध घेत बसलेली मी पाहिली आहेत. कुणी चेष्टेने म्हणे, खिशातले सव्वाचार घालतो, घरी चला. तसे करू देत नसत, कारण सव्वाचाराचा फरक म्हणजे सव्वाचारचीच चूक असे नसते. पोटात दोन मोठ्या चुका एकमेकींना जवळजवळ मारून बसलेल्या असू शकतात. 'आजवर चालले म्हणजे बरोबर आहे' हा युक्तिवाद तिथे ऐकून घेतला जात नसे.

आता विनोदांकडे येतो. त्या दिवशीच्या दोन थट्टा जगभर फिरल्या आणि दोन्ही बातम्या म्हणून खपल्या. पहिली अशी की अमेरिकेतली साउथवेस्ट ही विमान कंपनी बचावली, कारण तिचे संगणक अजून १९९२ सालच्या विंडोज ३.१ वर चालतात. हे कुणी तरी गंमत म्हणून लिहिले होते. साउथवेस्ट बचावली कारण तिला या भानगडीची झळच पोचली नाही, बाकी विंडोज ३.१ वगैरे काही नाही. पण जुने ते सोने म्हणणाऱ्यांना ही कथा एवढी आवडली की तिचा खुलासा वाचायला फारसे कुणी थांबले नाही. याच साउथवेस्टने डिसेंबर २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी जुनी यंत्रणा हतबल झाल्यामुळे सोळा हजारांवर उड्डाणे रद्द केली होती, ही आठवण कुणाला त्या दिवशी झाली नाही.

दुसरी थट्टा अधिक बोलकी आहे. व्हिन्सेंट फ्लिबुस्टिए हा बेल्जियममधला विडंबनकार. त्याने क्राउडस्ट्राइकच्या कचेरीसमोर आपण उभे असल्याचे बनावट छायाचित्र टाकले आणि लिहिले की नोकरीचा पहिला दिवस, एक छोटासा बदल पाठवून दिला, आता दुपारची सुट्टी घेतो. थोड्या वेळाने नोकरीवरून काढल्याचेही जाहीर केले. लाखो लोकांनी ते पाहिले, कित्येकांनी खरे मानले. लोकांना ताटात वाढलेला गुन्हेगार हवा असतो, अशा आशयाचे काहीसे त्याने नंतर स्वतःच सांगितले.

हा नवशिका पोरगा आम्हा बँकवाल्यांच्या फार ओळखीचा आहे. शाखेत काहीही जुळले नाही की पहिली नजर त्याच्याकडे जाई. तो प्रोबेशनवर असतो, त्याची बाजू घेणारे कुणी नसते, आणि त्याच्या गळ्यात घोंगडे टाकले की बाकी सगळ्यांना चहा प्यायला मोकळीक. इथे तर पोरगा अस्तित्वातच नव्हता. होता तो तपासणीचा ढिला धागा, आणि टाचण थोड्या ठिकाणी चालवून न पाहता एकदम सगळीकडे सोडण्याची रीत. ती रीत कंपनीने नंतर बदलली. शिवाय हा प्रकार पहिलाही नव्हता. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या दुसऱ्या पहारेकरी कंपनीच्या अशाच एका टाचणाने विंडोज एक्सपीमधली एक निरुपद्रवी, आवश्यक फाइल विषाणू ठरवली आणि असंख्य संगणक बंद पाडले. त्या वेळी मॅकॅफीत तंत्रज्ञानप्रमुख असलेले जॉर्ज कुर्त्झ पुढे क्राउडस्ट्राइकचे एक संस्थापक आणि मुख्याधिकारी झाले. दोन्ही वेळा चूक त्यांच्या हातून झाली असे मी मुळीच म्हणत नाही. एवढेच म्हणतो की चौदा वर्षांच्या अंतराने तीच ठेच लागते, तेव्हा पहिल्या दिवशीच्या कारकुनाला हसण्यात काही अर्थ नसतो.

संगणकावरचे विनोद पहिल्यापासूनच असे खालच्या दिशेने वाहत आले आहेत. १९९० च्या दशकातले आठवून पाहा. सीडी ठेवायचा ट्रे चहाचा कप ठेवायला आहे असे समजणारा गिऱ्हाईक. 'प्रेस एनी की' वाचून 'एनी' नावाचे बटण शोधणारा गिऱ्हाईक. कॉम्पॅक कंपनीला असे विचारणारे इतके फोन येत की सूचनेतला शब्दच बदलावा की काय, असा विचार चालल्याची बातमी १९९४ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये आली होती. आपण हसलो. पण ज्या बटणावर काही लिहिलेलेच नाही ते 'एनी' बटण दाबा अशी सूचना लिहिणारा मूर्ख, की ते शोधणारा? त्याच काळात संगणक सुरू करताना पडद्यावर उमटे की कीबोर्ड जोडलेला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. हे वाक्य कुणा तरी शिकलेल्या माणसाने शांत डोक्याने लिहिलेले होते! तरी मान खाली घालायची ती आपण. आजही साठीच्या पुढची निम्मी मंडळी बँकेच्या काउंटरवर 'मला यातले काही कळत नाही हो' अशी माफी मागून मगच पैशांची चौकशी करतात. खतावणीच्या काळात अशी माफी मागितलेली माझ्या पाहण्यात नाही. उलट पासबुकातली नोंद चुकली की गिऱ्हाईक काठी आपटत मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरत असे.

आपल्याकडे त्या दिवशी काय झाले? विमानतळांवर हाल झाले आणि हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. इंडिगोच्या एका प्रवाशाच्या अशा पासाचे छायाचित्र जगभर कौतुकाने फिरले. बँकांचे मात्र फारसे बिघडले नाही. दहा बँका व बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली, असे रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितले. 'सर्व्हर डाऊन आहे' ही पाटी आपल्याकडे त्या दिवसाची वाट पाहत बसत नाही, ती वर्षभर लागतेच. 'साहेब जागेवर नाहीत' या जुन्या उत्तराची जागा तिने घेतली आहे, आणि त्यातही सोय अशी की साहेब कधी तरी येत असत.

पण याच रिझर्व्ह बँकेने एक गोष्ट केली आहे, जी मला महत्त्वाची वाटते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तिने ठरवले की इलेक्ट्रॉनिक व्यवहारात पैसे परस्पर गेले आणि त्यात कुचराई बँकेची असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची होती असे बँकेला म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच. कागदावरचे प्रत्यक्षात किती उतरते यावर आमच्या गटात हमरीतुमरी होते, ती होऊ द्या. कागदावर तरी 'एनी की' शोधणाऱ्याच्या बाजूने कुणी उभे राहिले.

सॉफ्टवेअरच्या दुनियेत असा कागद शोधायला गेलात तर तुमचे 'आय अ‍ॅग्री'च पुढे केले जाते. डेल्टाने आपले नुकसान ५० कोटी डॉलरचे झाले असे म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकवर दावा लावला. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, क्राउडस्ट्राइकच्या वकिलाने पत्र लिहून कळवले होते की करारानुसार आमची जबाबदारी फार तर एक अंकी दशलक्ष डॉलर, म्हणजे एक कोटी डॉलरच्या आतच. एवढी बलाढ्य विमान कंपनी, पण कराराचा बारीक मजकूर तिच्याही अंगावर आला. मे २०२५ मध्ये जॉर्जियातल्या न्यायाधीशांनी दाव्याचा बराचसा भाग पुढे चालू द्यायला परवानगी दिली.

कंपनीने आपले कर्मचारी आणि सहयोगी यांना रात्रंदिवस राबल्याबद्दल जेवण मागवायला दहा-दहा डॉलरची कुपने पाठवली. काम तसे होतेच. निळे पडलेले संगणक दुरून सुधारता येत नव्हते. एकेका संगणकापुढे माणसाने बसायचे, तो सेफ मोडमध्ये चालू करायचा, कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली टंकायची आणि ती एक फाइल हाताने पुसायची. कुपने एवढी भराभर वापरली गेली की उबरच्या यंत्रणेला तो घोटाळा वाटला आणि काहींची कुपने तिने बंद केली. त्याच ऑगस्टमध्ये लास व्हेगासला सुरक्षातज्ज्ञांच्या मेळाव्यात 'सर्वांत भव्य अपयश' हे थट्टेचे पारितोषिक कंपनीला मिळाले. अध्यक्ष मायकेल सेंटोनास स्वतः मंचावर गेले, चूक आमची असे म्हणाले आणि ती ढाल मुख्यालयात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ठेवू असे त्यांनी सांगितले. टाळ्या पडल्या. मला हा गृहस्थ आवडला. त्या दिवशीच्या हजारो विनोदांपैकी योग्य माणसावर येऊन पडलेला हा एकच विनोद, आणि तो त्याने झेललासुद्धा.

विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांनीही क्राउडस्ट्राइकवर एक सामूहिक दावा लावला होता. हॉटेलांची बिले, वाया गेलेले दिवस, असे त्यात सगळे होते. टेक्सासमधल्या न्यायालयाने जून २०२५ मध्ये तो फेटाळला.