थकवा वयाचा की क्षाराचा?

घरातल्या वडीलधाऱ्यांना थकवा आला की आपल्याकडे त्याचे कारण ठरलेले असते, ‘आता वय झाले!’ पायात गोळे येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, पोट साफ होत नाही, छातीत धडधडते. प्रत्येक तक्रारीवर शेजारपाजारचा एकेक उपाय तयारच असतो. रक्तातले पोटॅशियम कमी झाले असेल, अशी शंका मात्र सहसा कुणाला येत नाही.

स्नायूंची हालचाल आणि हृदयाचे ठोके या क्षाराच्या तोलावर चालतात. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल एवढेच. २.५ च्या खाली गेले, तर ठोक्यांची लय बिघडून जिवावर बेतू शकते.

तपासणीत ते कमी निघाले की घरात केळी आणि नारळपाणी सुरू होते. यामागचा जिव्हाळा खरा. पण घागर गळत असताना वरून पाणी ओतून काय उपयोग? जेवणखाण बरे असलेल्या माणसाचे पोटॅशियम बहुधा कुठून तरी गळत असते. कधी रक्तदाबासाठी वा सुजेसाठी दिलेल्या लघवीच्या गोळीमुळे, कधी उलट्या-जुलाबांतून, तर कधी रोजच्या रेचकामुळे. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे ओआरएसमध्ये लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते, ते यासाठीच. शिवाय मॅग्नेशियम कमी असेल, तर वरून दिलेले पोटॅशियमही टिकत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. अशांना तेच नारळपाणी अपाय करू शकते. म्हणून पोटॅशियमचे औषध परस्पर आणू नये आणि लघवीची गोळीही आपल्या मनाने बंद करू नये.

साखरेची आणि रक्तदाबाची नोंद आज कितीतरी घरांतून ठेवली जाते. लघवीची गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पोटॅशियमची तपासणी व्हावी आणि तो आकडाही त्याच वहीत यावा. गोळी लिहून देताना डॉक्टरांनी हे सांगायला हवे. त्यांनी न सांगितल्यास आपण विचारायला हवे. हातापायांतले बळच गेले, भोवळ आली किंवा छातीत धडधड वाढली, तर मात्र वहीत न अडकता तडक रुग्णालय गाठावे. एरवी ‘किती कमी झाले?’ एवढ्यावर न थांबता ‘का कमी झाले?’ हे विचारावे. खरा उपचार तिथूनच सुरू होतो.