स्पर्धेच्या दिवशी शिल्लक राहावे ते बळ

सदर : आरोग्य आणि व्यायाम

दुकानातून सुटलेला मुलगा किंवा महाविद्यालयात शिकणारी मुलगी व्यायामशाळेत जाते, याचे आता कोणास नवल वाटत नाही. परंतु एखाद्या संध्याकाळी ‘मला शक्तितोलनाच्या स्पर्धेत उतरायचे आहे’ असे शब्द कानी पडले, की घरात तीन प्रश्न उभे राहतात. कंबरेला इजा तर होणार नाही ना? आपल्या शाकाहारी अन्नावर हे जमेल का? आणि कोणी भलतीसलती औषधे तर देणार नाही ना? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. या क्रीडाप्रकाराची तयारी कशी करतात हे नीट समजून घेतले, तर त्यांची उत्तरे त्यातच सापडतात.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानू यांनी रौप्यपदक मिळवले ते भारोत्तोलनात. त्यात वजन डोक्यावर नेले जाते. शक्तितोलन निराळे. त्यात तीनच प्रकार असतात : खांद्यावर भार घेऊन बसून उठणे म्हणजे स्क्वॉट, बाकावर उताणे पडून भार छातीवरून वर ढकलणे म्हणजे बेंच प्रेस, आणि जमिनीवरचा भार उचलून ताठ उभे राहणे म्हणजे डेडलिफ्ट. प्रत्येकात तीन प्रयत्न मिळतात व तिन्ही प्रकारांतील सर्वोत्तम वजनांची बेरीज हा निकाल. १९७१ साली अमेरिकेतील यॉर्क येथे याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. वयोगट असल्यामुळे चाळिशी, पन्नाशी, साठीनंतरही स्पर्धेत उतरता येते.

तयारीचे मर्म व्यापारी घरास सांगणे सोपे आहे, कारण ते जमा आणि नावे यांच्या हिशेबासारखे आहे. व्यायामाने शरीरात दोन गोष्टी एकदम होतात. बळ जमेस पडते आणि थकवा नावे पडतो. कॅनडातील एरिक बॅनिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हाच विचार गणिती स्वरूपात मांडला. त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की थकवा लवकर उतरतो, तर कमावलेले बळ त्याहून सावकाश ओसरते. म्हणून योग्य वेळी श्रम कमी केले, तर थकवा फिटतो आणि बळ शिल्लक राहते. ही शिल्लक नेमकी स्पर्धेच्या दिवशी हाती यावी, हीच सारी कला.

समजा, एखाद्याचा स्क्वॉट १२० किलो आहे आणि स्पर्धेस बारा आठवडे आहेत. पहिले चार-पाच आठवडे त्याने ८० ते ९० किलोवर सहा ते आठ आवर्तनांचे अनेक संच करावेत. हा पाया होय. पुढील चार आठवडे वजन ९५ ते १०० किलोच्या घरात न्यावे आणि आवर्तने तीन ते पाचांवर आणावीत. त्यानंतर दोन आठवडे १०५ ते ११० किलो, एक-दोन आवर्तने. वजन वाढत जाते तसतसे एकूण काम कमी होत जाते, हे लक्षात ठेवावे.

शेवटच्या दहा-बारा दिवसांत संचांची संख्या साधारण निम्म्यावर आणावी. डेडलिफ्टचा थकवा रेंगाळतो, म्हणून त्याचे शेवटचे जड वजन स्पर्धेपूर्वी सुमारे दहा दिवस आधी उचलावे. स्क्वॉटचे आठवडाभर आधी, आणि बेंच प्रेसचे त्याहून थोडे अलीकडे. अखेरच्या आठवड्यात दोन हलकी सत्रे पुरेत, आणि शेवटचे दोन दिवस विश्रांती.

नेमक्या याच आठवड्यात तरुण मन अधीर होते. ‘१२५ होते की नाही ते एकदा पाहूनच घेऊ’ असा मोह पडतो. या दिवसांत नवे बळ येत नाही. केलेला अतिरेक तेवढा नावे पडतो आणि तीन महिन्यांची शिल्लक एका संध्याकाळी खर्च होते. घरातील वडीलधाऱ्यांनी या काळात ‘आज व्यायामाला गेला नाहीस?’ असे टोचू नये. तो आळस नव्हे, तयारीचाच भाग आहे.

नवखे स्पर्धक बहुधा बळ कमी पडल्यामुळे नव्हे, तर नियम अंगी न मुरल्यामुळे बाद होतात. स्क्वॉटमध्ये मांडीचा सांधा गुडघ्याच्या माथ्याखाली जावा लागतो. बेंच प्रेसमध्ये भार छातीवर स्थिर झाल्यावर पंचांची आज्ञा मिळेपर्यंत थांबावे लागते. डेडलिफ्टमध्ये आज्ञेपूर्वी भार खाली ठेवला तर प्रयत्न फुकट जातो. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तरच वजन ग्राह्य. यासाठी शेवटचे सहा आठवडे सोबत्याने आज्ञा द्यावी आणि आपण ती पाळावी. कंबरेचे रक्षणही याच शिस्तीत आहे. पाठ ताठ राहत नसेल तर वजन कमी करावे, आणि स्क्वॉट व बेंच प्रेस मदतनीसांवाचून जड करू नयेत. रक्तदाब किंवा हर्नियाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पहिल्या प्रयत्नाचे वजन निवडणे हा विवेकाचा भाग. जे वजन कमी झोपेनंतरही तीनदा उचलता येईल तेच पहिले सांगावे. आपल्या उदाहरणात ११० किलो. दुसरे ११७.५ आणि तिसरे, अंगात असेल तर, १२२.५. एकदा प्रयत्न केलेल्या वजनाहून पुढे कमी वजन घेता येत नाही, आणि एका प्रकारातील तिन्ही प्रयत्न हुकले तर बेरीजच होत नाही. पहिल्याच खेपेस मोठा आकडा सांगणे म्हणजे सारे भांडवल एका सौद्यात लावणे. तसेच पहिल्या स्पर्धेसाठी उपाशी राहून खालच्या वजनगटात शिरण्याचा खटाटोप करू नये.

आहाराचे गणित अवघड नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसास दिवसाला ११२ ग्रॅम. १०० ग्रॅम डाळ-कडधान्य, तेवढेच पनीर, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम सोयाबीनची वडी, मूठभर शेंगदाणे आणि रोजची पोळी-भाकरी यांत ती भरतात. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांनी व्यायाम सकाळी ठेवावा, म्हणजे पुढचा सारा दिवस भरपाईस मिळतो. स्पर्धेची तारीख ठरवताना पर्युषणाचे दिवस पाहून घ्यावेत; उपवास आणि जड आठवडे एकत्र आणू नयेत. स्पर्धा दिवसभर चालते, तेव्हा ओळखीचे अन्न घरूनच न्यावे. कारखान्यात रासायनिक रीतीने बनणारे क्रिएटिन प्राण्यांपासून काढलेले नसते. मात्र कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन असू शकते, म्हणून डब्यावरची हिरवी खूण पाहावी.

राहिला तिसरा प्रश्न. आपल्या देशात उत्तेजकविरोधी संस्था, नाडा, २००५ मध्ये स्थापन झाली. या क्षेत्रातील नियम कडक आहे : खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, मग ते अजाणता गेलेले का असेना. म्हणून कोणी सुटी पूड, बिनलेबलाची गोळी किंवा ‘ताकदीचे इंजेक्शन’ पुढे केले, तर ते निक्षून नाकारावे. जो माल काय आहे हे विकणाराच सांगू शकत नाही, तो आपण दुकानात ठेवत नाही. मग शरीरात का घ्यावा?

ज्या घरात कोणी या वाटेस लागले आहे, त्या घराने एक वही आणावी. रोजचे वजन, आवर्तने, झोप आणि आहार तीत नोंदवावा. पहिल्या स्पर्धेत क्रमांक आला नाही तरी नऊपैकी आठ प्रयत्न ग्राह्य ठरले, तर ते यश समजावे. पुढील स्पर्धेचा हिशेब त्याच वहीच्या पुढच्या पानावर सुरू करता येतो.